झाडं आधी, मासे मागाहून

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय घरातल्या छोट्या फिशटँकबद्दल, म्हणजे गोड्या पाण्याचा, खऱ्या पाणवनस्पती लावलेला पहिला टँक आपल्याकडे किनारपट्टीवर कसा उभा करायचा त्याबद्दल. रत्नागिरीत झाडगावचं मत्स्यालय बघून आलेली पोरं घरी हट्ट धरतात, मग आईबाबा बाजारात जाऊन टँक, रंगीत खडी, प्लास्टिकची झाडं आणि पिशवीभर मासे सगळं एकाच संध्याकाळी घेऊन येतात. आठवड्याभरात मासे वर येऊन तोंड मारायला लागतात, एकेक करून मरतात, पोर रडतं आणि टँक माळ्यावर जातो. फार वाईट वाटतं हो मला हे बघून, कारण यात दोष ना पोराचा ना माशाचा, फक्त क्रम उलटा झालेला असतो.

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडतो. वहाळात तो वाहून जातो, काचेच्या पेटीत तिथंच साठतो आणि माशाचे कल्ले जाळतो. हे निस्तरायला दोन प्रकारचे बॅक्टेरिया लागतात, एक अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे थोडं असलं तर मासा सहन करतो आणि झाडाला तर ते खतच. हे बॅक्टेरिया वाळूवर, फिल्टरच्या स्पंजवर धरायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. झाडं मात्र अमोनिया थेटच शोषून घेतात, म्हणून माझं सांगणं एवढंच की आधी झाडं लावा, ती रुजू द्या, आणि मासे सगळ्यात शेवटी आणा.

टँक घ्यायचा तर दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा घ्या. त्याहून लहान सोपा वाटतो पण थोड्या पाण्यात काहीही बिघडायला वेळ लागत नाही. यात पन्नासेक लिटर पाणी बसतं, माती वाळू धरून वजन सत्तर किलोच्या पुढे जातं, तेव्हा टीपॉय वगैरे नको, भक्कम सपाट टेबल बघा, खाली थर्माकोल घाला आणि खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवा, नाहीतर हिरवं शेवाळ धरतं. हीटर आपल्याला लागत नाही. एक बारीकसा स्पंज फिल्टर आणि एक एलईडी लाइट, बस.

आता पाणी. कातळावरच्या, जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, आणि किंचित आंबट बाजूला झुकलेलं असतं, आणि टँकमधल्या बऱ्याचशा झाडांना नेमकं तसंच आवडतं. पण अगदी किनाऱ्यालगत विहीर मचूळ असेल तर ते पाणी नको, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून गोडं आणा किंवा नळाचं घ्या. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतो, आपल्या पोटाला ते बरं, पण माशाचे कल्ले आणि ते कष्टानं जमवलेले बॅक्टेरिया दोन्ही त्यानं जातात. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं तर क्लोरीन बराचसा उडून जातो, घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरीन मिळतं, त्याचे थेंब बाटलीवर लिहिलेत तसे टाका.

वाळूचं तर मुद्दाम सांगतो, समुद्रावरची वाळू आणू नका. दहा पाण्यांनी धुतली, मीठ गेलं, तरी तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो हळूहळू विरघळून पाणी जड करत राहतो. कुठलीही वाळू चिमूटभर बशीत घ्या, वर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या, चरचरली, बुडबुडे आले की समजा शिंपला आहे, ती बाजूला ठेवा. नदीची जाडसर वाळू बरी, बादलीत हात घालून घोळत राहायचं, वरचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत.

वाळूच्या खाली माती हवी आणि ती आपल्या दारातच आहे. जांभ्याची लाल माती चाळून घ्या, शेणखत किंवा युरिया पडलेल्या जागेची मात्र नको. तिच्यात लोह भरपूर, आणि लोह कमी पडलं की झाडाची नवी पानं पिवळी पडतात. परदेशातले हौशी लोक झाडांच्या टँकसाठी लॅटेराइट पाकिटातून विकत घेतात, म्हणजे आपला जांभाच तो! या दगडाला लॅटेराइट हे नाव देणारा फ्रान्सिस ब्युकॅनन मलबारात हिंडला होता, तिथं हा दगड मऊ असताना लोखंडी हत्यारानं कापतात आणि मग उघड्यावर तो कडक होतो हे बघून त्यानं १८०७ मध्ये ते छापलं, आपल्या चिरेखाणीवर उभं राहिलं की आजही तेच दिसतं. त्याच माणसानं पुढं हॅमिल्टन हे नाव घेऊन गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिलं आणि १८२२ मध्ये झेब्रा डॅनियोचं पहिलं शास्त्रीय वर्णन दिलं. मासे आणायची वेळ येईल तेव्हा मी याच माशाचं नाव घेणार आहे.

तर मातीचा इंचभर थर, वर वाळूचा दीड इंच, मागच्या बाजूला थोडा उंच. पाणी घालताना वाळूवर बशी ठेवा आणि तांब्यानं त्या बशीवर धार सोडा, घाईत बादली उपडी केलीत तर सगळा टँक लाल होतो आणि निवळायला दिवस लागतात. चार बोटं पाणी झालं की थांबा, आता लावणी. भाताचा तरवा लावतो तसंच, मुळं दोन बोटांत धरून तिरकी आत खुपसायची आणि किंचित वर ओढायची. वॅलिस्नेरिया, म्हणजे लांब पट्ट्यांसारख्या पानांचं झाड, त्याचा जिथून पानं फुटतात तो गड्डा वाळूच्या वर राहिला पाहिजे, गाडलात तर कुजतो. जावा फर्न आणि अनुबियास वाळूत लावायचीच नाहीत, दगडाला नाहीतर लाकडाला दोऱ्यानं बांधायची. क्रिप्ट, म्हणजे क्रिप्टोकोरिन, मात्र वाळूत खुशाल लावा, सावलीतही तगतं. पहिल्याच दिवशी दाट लावा, चार काड्या रोवून भागत नाही, कारण झाडं कमी पडली की ती जागा शेवाळ घेतं.

लाइट दिवसाला सहा ते आठ तास, टायमर लावून. पुढचे आठवडे माणसाची परीक्षा बघतात. क्रिप्टची पानं विरघळून चिखल होतात, काचेवर तपकिरी साय धरते आणि घरातले म्हणतात हे गेलं आता, फेकून द्या. नका फेकू! मुळं जिवंत असतात, खालून नवी पानं येतात, तपकिरी थर बोटानं पुसला जातो आणि पुढं आपोआप कमी होतो. या काळात बॅक्टेरियांना खायला म्हणून एकदोन दिवसांआड चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहा, आणि आठवड्यातून एकदा पाव टँक पाणी बदला. टेस्ट किट मिळालं तर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि झाडांना नवी पानं, हे तिन्ही जुळलं की मासे आणायचे.

पहिले मासे म्हणून सहा झेब्रा डॅनियो. काटक, कळपानं राहणारे, दिवसभर पळत असतात. उड्या मारतात म्हणून टँकला झाकण हवंच. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग टँकचं पाणी थोडं थोडं पिशवीत घालत जा, शेवटी जाळीनं मासे आत आणि पिशवीतलं पाणी मोरीत. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोल्डफिश एवढ्याशा टँकात नका ठेवू, तो मोठा होतो आणि झाडंही खातो. फिल्टरचा स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा, नाहीतर सगळे बॅक्टेरिया गेलेच.

पावसाळ्यात लाइट जाते ती कधी कधी रात्रभर, तेव्हा फिल्टर बंद पडतो. मासे थोडे असतील तर निभावतं, तरी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या आणि लाइट नसेल तेव्हा खाणं टाकू नका. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यानं पिना गंजतात, तेव्हा प्लग अधूनमधून बघत जा, आणि वायर बोर्डाकडे जाताना आधी खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे वायरीवरून आलेलं पाणी खाली ठिबकेल, बोर्डात जाणार नाही.

आणि एक कळकळीची विनंती. टँक वाढला, झाडं छाटली, मासे नकोसे झाले, तर त्यातलं काहीही वहाळात, तळ्यात किंवा सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, डबक्यात सोडू नका. जलपर्णीनं तळी कशी भरतात ते आपण बघतोच, आणि सड्यावरच्या त्या पाण्यात जी झाडं आणि जे जीव आहेत त्यातले काही दुसरीकडे सापडत नाहीत. मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. छाटलेली झाडं उन्हात कडकडीत वाळवून माडाच्या आळ्यात टाका, बदललेलं पाणीही तिथंच ओता, त्यातल्या नायट्रेटनं माडाला खतच मिळतं. नमस्कार.