कापसाची गाडी मुनिमापाशी कायले?

(हिंगणघाटकडच्या एका गावच्या वाचनालयात झालेलं बोलणं, थोडंसं नीट करून.)

बसा जी, मागचे थोडे पुढे सरका. नऊला थ्री फेजची लाईन येते अन् अर्ध्या लोकांना ओलिताला जायचं आहे, हरभऱ्याला पाणी आज नाही लागलं तर मग कधी, म्हणून साडेआठला उरकतो असं अध्यक्षांना कबूल केलंय. विषय फळ्यावर लिहिलाच आहे, छोट्या राउटरमधलं (म्हणजे इंटरनेट वाटून देणाऱ्या डब्यातलं) हार्डवेअर स्विचिंग अन् सॉफ्टवेअर ब्रिजिंग. नाव जड वाटतं, पण इथल्या बऱ्याच जणांनी त्याच्यापायी मागच्या सीझनला जिनिंगच्या काट्यावर रात्र काढली आहे.

तेच आधी सांगतो. डिसेंबर होता, गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत. गाडी काट्यावर चढते, वजन दिसतं, पण पावती निघत नाही, कारण नोंद ऑनलाईन करावी लागते अन् काट्याचा कॉम्प्युटर नुसता गोल गोल फिरत बसतो. एक काका ट्रॅक्टरवर गोणपाट पांघरून बसले होते, मला म्हणाले, "काय होऊन राहिलं बाप्पा? कापूस तं मोजला, मंग कागद कायले नाही देत?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

मालकाने तोवर काय केलं होतं, तर इंटरनेटचा प्लॅन वाढवला. पन्नासचा शंभर, मग शंभरचा दोनशे. प्लॅन विकणारा दर वेळी म्हणे, स्पीड कमी पडून राहिली. अन् राउटर कसा, तर पाच पोर्टचा, म्हणजे वायर खुपसायच्या पाच जागांचा, एकेक पोर्ट 100 एमबीपीएसचा (सेकंदाला 100 मेगाबिट). दोनशेचा प्लॅन त्या पोर्टातून जाईल कसा? विहिरीवर पाच एचपीची मोटर बसवायची अन् पाइप टाकायचा एक इंची, तसं झालं हे. दर महिन्याचे पैसे गेले ते गेलेच. मला याचा अजून राग येतो, कारण विकणाऱ्याने एकदा राउटर उलटा करून खालचं लेबल वाचलं असतं तरी कळलं असतं. आपल्याकडे बियाण्याची थैली घेताना आपण लॉट नंबर पाहतो, तारीख पाहतो, मग या डब्याचं लेबल का नाही वाचत?

असो. मी राउटरला हात लावला तर तळवा चटकला. लॅपटॉप जोडून पाहिलं, राउटरचा सीपीयू, म्हणजे त्याचा मेंदू, 100 टक्के कामात. मग मी बाहेरून येणारी इंटरनेटची वायर उपसून हातात धरली अन् पडद्याकडे पाहत बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, सीपीयू 100 तो 100च. म्हणजे ज्या इंटरनेटसाठी तीन महिने पैसे भरले त्याचा या दुखण्याशी संबंधच नव्हता, जे काही चाललं होतं ते जिनिंगच्या कंपाउंडच्या आत चाललं होतं.

आत होते सोळा कॅमेरे. यार्डातले दोन नंबरच्या पोर्टवर, शेडमधले तीनवर, रेकॉर्डर चारवर, काट्याचा कॉम्प्युटर पाचवर. एकेका कॅमेऱ्याचे 4 एमबीपीएस धरा, झाले 64. हे चित्र दोन-तीनमधून आत येतं, चारमधून बाहेर जातं, दिवसरात्र.

आता डब्याच्या पोटात पाहा. तिथे दोघं जण आहेत (हल्ली बरेचदा एकाच चिपमध्ये असतात, पण काम वेगळं). एक स्विच चिप, म्हणजे गेटवरचा चौकीदार. दुसरा सीपीयू, म्हणजे मुनीम. कापसाची गाडी आली की चौकीदार हात दाखवतो, तिकडे त्या शेडकडे घे, गाडी जाते, मुनिमाला त्याचं काही नाही. स्विच चिपही तेच करते, कोणता मॅक अॅड्रेस (प्रत्येक यंत्राचा नेटवर्कमधला नंबर) कोणत्या पोर्टकडून बोलला हे आपल्या तक्त्यात टिपून ठेवते, साधारण पाच मिनिटं कोणी बोललं नाही की त्याचं नाव पुसते, अन् पाकीट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, आलं की तक्ता पाहून सरळ त्या पोर्टला सोडते. हे झालं हार्डवेअर स्विचिंग. सॉफ्टवेअर ब्रिजिंगमध्ये तक्ता तोच, उत्तरही तेच, पण प्रत्येक गाडी मुनिमाच्या टेबलापर्यंत जाते, तो हातातलं काम सोडतो, वही उघडतो, पाहतो, अन् म्हणतो, जा त्या शेडकडे.

सेकंदाला किती गाड्या? 64 एमबीपीएस मोठ्या पाकिटांचे धरले तर 5,200च्या आसपास, शिवाय रेकॉर्डरकडून पोच परत येते ती वेगळी. नुसतं एवढंच असतं तर 650 मेगाहर्ट्झच्या त्या सीपीयूने रेटून नेलं असतं. पण आधी कोणीतरी ब्रिजमध्ये, म्हणजे पोर्ट एकत्र जोडायच्या सेटिंगमध्ये, व्हीलॅन फिल्टरिंगची टिक लावली होती (व्हीलॅन म्हणजे एकाच वायरीवर पाडलेले वेगळे नेटवर्क), व्हीलॅन एकही नव्हता, नुसती टिक. त्या चिपला ते झेपत नाही, म्हणून सगळं काम गुपचूप सीपीयूवर आलं. वरून दुसरी टिक, ब्रिजमधली पाकिटं फायरवॉलमधून, म्हणजे कोणाला सोडायचं कोणाला अडवायचं त्या नियमांतून, जाऊ द्या. नियम चाळीसेक. म्हणजे कॅमेऱ्याचं प्रत्येक पाकीट चाळीस ठिकाणी कागद दाखवत फिरत होतं, अन् त्यांच्या मागे रांगेत काट्याची एवढीशी नोंद अडकलेली. दोन्ही टिका काढल्या. सीपीयू दहाच्या आत आला. पावत्या निघायला लागल्या तेव्हा रात्रीचे पावणेदोन झाले होते, अन् ते काका कागद घडी घालून बंडीच्या खिशात ठेवत काही न बोलता निघून गेले.

किती वाजले? सव्वाआठ? बरं, मग खरा विषय भरभर घेतो.

सीपीयूची ताकद कशात मोजायची तर एमबीपीएसमध्ये नाही, पाकिटांत. एक गिगाबिटच्या (1000 एमबीपीएस) पोर्टवर मोठी, 1518 बाइटची पाकिटं सेकंदाला 81,274 बसतात, अन् सगळ्यात लहान, 64 बाइटची, 14,88,095. लहान पाकिटांना 650 मेगाहर्ट्झचा सीपीयू एकामागे साडेचारशे सायकल, म्हणजे त्याच्या घड्याळाचे ठोके, तेवढेसुद्धा देऊ शकत नाही. चिपला काही फरक पडत नाही, ती त्याच कामासाठी घडवलेली आहे.

ब्रिज अन् स्विच हे शत्रू नाहीत. नेटवर्कचे नियम ठरवणाऱ्या आयट्रिपलई संस्थेच्या 802.1डी या जुन्या मानकात शब्द ब्रिजच होता, स्विच हा शब्द 1990 मध्ये कल्पना नावाच्या अमेरिकन कंपनीने इथरस्विच काढला तेव्हापासून बाजारात रुळला. काम एक, करणारा कोण एवढाच प्रश्न.

मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये सॉफ्टवेअरच्या 6.41 आवृत्तीपासून, म्हणजे 2017च्या शेवटापासून, मास्टर पोर्ट (एका मुख्य पोर्टला बाकीचे जोडायची जुनी सोय) गेला अन् सगळं ब्रिजमध्येच आलं. तिथे पोर्टच्या यादीत पुढे 'एच' अक्षर दिसलं की काम चिप करते, नाही दिसलं की सीपीयू. लहान मॉडेलवर दोन ब्रिज केले तर एकालाच चिप मिळते. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मोफत लिनक्स सॉफ्टवेअरमध्ये 2021च्या 21.02 आवृत्तीपासून बऱ्याच राउटरवर डीएसए ही स्विच चिप चालवायची पद्धत आली, तिच्यात चिपचा प्रत्येक पोर्ट लिनक्सला वेगळा दिसतो अन् ब्रिज केला की जमेल ते काम चिपकडे उतरवलं जातं.

चिपचे तोटेही आहेत बरं का. चिपमधून गेलेलं पाकीट सीपीयूला दिसतच नाही, तर फायरवॉल अडवणार कसा, मोजणार कसा? काट्याचा कॉम्प्युटर कॅमेऱ्यांपासून खरंच वेगळा ठेवायचा असेल तर त्याला वेगळं नेटवर्क द्या, तेवढी पाकिटं सीपीयूकडे जाऊ द्या, ती मूठभरच असतात. वायफायवरून वायरीवर येणारं सहसा सीपीयूतूनच जातं. इंटरनेटकडे जाणारं नॅटसाठी (आतल्या सगळ्यांना बाहेर एकाच पत्त्याने चालवायची सोय) तिथेच जातं, काही चिपांत त्याचीही सोय असते पण ती वेगळी गोष्ट.

हो, हो, उठा, लाईन आली वाटतं, मोटरीचा आवाज येतोय. ग्रामपंचायतीचा राउटर मी इथे टेबलावर लावून ठेवलाय, जे थांबणार त्यांनी पडद्याजवळ या, तीन नंबरच्या पोर्टपुढे 'एच' नाहीये, का नाही ते मिळून शोधू.