इंजिन गेले, दांडा राहिला

नवे तंत्रज्ञान आले की ‘लोकांना बदल नकोच असतो’ हे वाक्य हमखास ऐकू येते, आणि बहुधा ते अशा व्यक्तीच्या तोंडी असते जिला स्वतःच्या कामात फारसे काही बदलावे लागणार नसते. मला हे निदान पटत नाही. नवे साधन हाताळायला माणसे फार लवकर शिकतात. ज्यांनी आयुष्यात कधी टंकलेखन केले नव्हते, त्यांनीही मोबाइलवर लिहिण्यासाठी कुठल्या शिकवणीची वाट पाहिली नाही. घोडे अडते ते साधनाभोवती रचलेल्या कामापाशी, आणि ही रचना कशी बदलते किंवा का बदलत नाही, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

सुरुवात विजेपासून करू. एडिसनचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटचे वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. तरीही १९०० च्या सुमारास अमेरिकेतील कारखान्यांत यंत्रे फिरवणाऱ्या एकूण शक्तीत विजेच्या मोटारींचा वाटा जेमतेम ५ टक्के होता. कारखानदार जुनाट विचारांचे होते, असे म्हणून हे कोडे सुटत नाही. वाफेच्या काळातला कारखाना डोळ्यांसमोर आणा: एक मोठे इंजिन, त्याने फिरणारा, छताखालून लांबवर गेलेला लोखंडी दांडा, आणि त्या दांड्यावरून पट्ट्यांच्या साहाय्याने खालच्या प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचणारी गती. दांडा जितका लांब, तितकी शक्ती घर्षणात वाया जाई. म्हणून यंत्रे दाटीवाटीने, मजल्यावर मजले चढवून बसवलेली असत. कोणते यंत्र कुठे असावे हे कामाच्या क्रमावरून ठरत नसे, दांड्यावरून ठरत असे. वीज आली तेव्हा अनेकांनी इंजिन काढून तिथे एक मोठी मोटार बसवली आणि दांडा, पट्टे, मजले सगळे तसेच ठेवले. सुंभ जळला, पीळ कायम राहिला, आणि फायदाही बेताचाच झाला.

खरा फरक पडला तो प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटार मिळाल्यावर. दांड्याची गरज संपली, छत मोकळे होऊन वरून उजेड घेता येऊ लागला, इमारत एकमजली पसरवता आली, आणि कच्चा माल एका टोकाने आत येऊन तयार वस्तू दुसऱ्या टोकाने बाहेर पडेल अशा ओळीने यंत्रे मांडता आली. पण त्यासाठी चालत्या इमारती सोडून द्याव्या लागणार होत्या आणि नव्या मांडणीत विचार करणारे अभियंते घडावे लागणार होते. १९२० चे दशक उजाडले, तेव्हा कुठे याचे फळ मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. पुढे १९८७ मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी, संगणक सगळीकडे दिसतो पण उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही, असा टोला हाणला, तेव्हा पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने उत्तरादाखल विजेचीच ही कहाणी पुढे केली.

मांडणी बदलली की सारे सुरळीत होते असेही नाही. १९५१ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट आणि स्वतः पूर्वी खाणीत राबलेले केन बॅमफर्थ यांनी ब्रिटनमधील कोळसाखाणींवर एक निबंध लिहिला. जुन्या पद्धतीत दोन-तीन खाणकामगार, एकमेकांना स्वतः निवडलेले, कोळसा फोडण्यापासून छताला टेकू देण्यापर्यंतचे सगळे काम मिळून करत. कोळसा कापणारी यंत्रे आणि वाहक पट्टे आल्यावर चाळीस-पन्नास माणसांचा एक गट झाला, काम तीन पाळ्यांत वाटले गेले आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच तुकडा आला. कागदावर ही योजना निर्दोष होती. खाणीत मात्र एका पाळीने अर्धवट सोडलेले काम दुसरीच्या गळ्यात पडू लागले, दोष कोणाचा यावरून वाद सुरू झाले, आणि गैरहजेरी वाढली. अंधारात, डोक्यावर केव्हाही ढासळू शकेल असे छत असताना शेजारच्या माणसाची पारख असणे हाही कामाचाच भाग होता. तो योजनेत कुणी धरलाच नव्हता. पुढे काही खाणींत तीच यंत्रे ठेवून कामगारांच्या गटांनी सर्व कामे आपसात फिरती वाटून घेतली, पाळीची हद्द न मानता जिथे काम थांबले असेल तिथून पुढे नेले, आणि तेथे उत्पादन वाढून गैरहजेरी घटल्याचे ट्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले.

आजच्या कचेऱ्यांतही नवी संगणकप्रणाली बसवल्यावर काही महिन्यांनी एक गोष्ट हटकून दिसते: अनुभवी कर्मचाऱ्याच्या टेबलावर, संगणकाशेजारी, एक खासगी वही असते. तपासणीला आलेल्याला ती जुन्या सवयीचा हट्ट वाटते. पण ती उघडून पाहिली, तर तिच्यात प्रणालीतल्या कुठल्याच रकान्यात न मावणारे अपवाद टिपलेले सापडतात: अमुक अर्जदाराची दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत, तमुक पुरवठादाराचा माल नेहमी दोन खेपांत येतो, या विभागाची मंजुरी तोंडी आधी मिळते आणि कागद मागाहून येतो. ज्यांनी रकाने आखले त्यांनी बहुधा ही वही कधी मागितलेली नसते, आणि निवृत्तीच्या दिवशी ती टेबलाच्या खणातून पिशवीत जाते.