हजेरीपटावरचं सैन्य

श्रोतेहो, नमस्कार.

देशाचं बळ आकड्यांत मांडायचं म्हटलं की अभ्यासक बहुधा एका जुन्या निर्देशांकाकडे वळतात. जे. डेव्हिड सिंगर यांनी १९६३ साली मिशिगन विद्यापीठात युद्धांच्या अभ्यासाचा प्रकल्प सुरू केला, त्यातून तो आला. एकूण लोकसंख्या, शहरी लोकसंख्या, लोखंड-पोलादाचं उत्पादन, ऊर्जेचा वापर, सैनिकांची संख्या आणि लष्करी खर्च. प्रत्येक बाबतीत जगाच्या बेरजेत त्या देशाचा वाटा किती ते काढायचं आणि सहा वाट्यांची सरासरी घ्यायची. हिशेब सोपा आहे, आणि शांत देशांपुरता बराचसा चालूनही जातो.

युद्धाने पोखरलेल्या देशात मात्र आधी विचारावं लागतं, की हा आकडा दिला कुणी? अफगाणिस्तानच घ्या. २०२१ साली तिथल्या सरकारकडे कागदोपत्री सैनिक आणि पोलीस मिळून सुमारे ३ लाख होते. पण हजेरीपटावर नाव आहे, पगार उचलला जातोय आणि माणूस मात्र कुठेच नाही, अशी भरती त्यात होतीच. अमेरिकी सरकारच्याच तपासनिसांनी अहवालांमागून अहवालांत हे लिहून ठेवलं होतं. आता गंमत बघा. खोटी हजेरी सैनिकांची संख्या फुगवते, आणि त्याच खोट्या नावांचा पगार लष्करी खर्चही फुगवतो. म्हणजे सहापैकी दोन रकाने एकाच हजेरीपटाने बिघडवले! आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला काबूल तालिबानच्या हाती पडलं.

लोकसंख्येचंही तेच. अफगाणिस्तानातली शेवटची जनगणना १९७९ सालची, तीही अर्धवट. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची १९८४ सालची. पुढचं सगळं अंदाजपंचे.

म्हणून हल्ली उपग्रहांनी टिपलेला रात्रीचा उजेड मोजतात. सीरियाच्या युद्धात अलेप्पो कसं अंधारत गेलं, ते त्यात स्पष्ट दिसलं. मला हे माप जास्त भरवशाचं वाटतं, कारण ते सरकारकडून मागावं लागत नाही. अर्थात दिवा कुणाच्या ताब्यातल्या वस्तीत लागलाय, ते वेगळं शोधावं लागतं.

आणि येमेन? या सहा रकान्यांत त्याचा वाटा नगण्य. पण नोव्हेंबर २०२३ पासून तिथल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, आणि २०२४ च्या पहिल्या दोन महिन्यांत सुएझमधली वाहतूक आदल्या वर्षाच्या तुलनेत निम्म्यावर आली. जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. बाब-अल-मंदेब, म्हणजे तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेली अरुंद सामुद्रधुनी; तिच्या काठावर असण्याचा रकाना त्या निर्देशांकात नाही. तो धरायचा, तर सामुद्रधुनीतून रोज किती जहाजं जातात, ते मोजायला हवं.