एक नदी, आठ रोडिंग

इंग्लंडमध्ये बिशप्स स्टॉर्टफर्डहून चेम्सफर्डला जाणारा हा रस्ता. दोन्ही बाजूला गव्हाची शेतं, आणि आता पाट्यांकडं लक्ष ठेवा. व्हाईट रोडिंग. थोडं पुढं लेडन रोडिंग. मग मार्गारेट रोडिंग. आणि आत वळलात की हाय रोडिंग, एथॉर्प रोडिंग, अ‍ॅबेस रोडिंग, बर्नर्स रोडिंग, बीचम रोडिंग. आठ गावं, आडनाव एकच!

कुणालाही वाटेल की शेजारून रोडिंग नदी वाहते, तिच्यावरूनच गावांना नाव पडलं असणार. पण झालंय बरोब्बर उलटं. अँग्लो-सॅक्सन काळात, म्हणजे हजाराहून जास्त वर्षांपूर्वी, ह्रोथा नावाच्या कुणा म्होरक्याची माणसं इथं येऊन राहिली, ह्रोथाची माणसं म्हणून ह्रोथिंगस, त्याचंच झिजत झिजत रोडिंग झालं, आणि नदीचं नाव तेव्हा वेगळंच होतं, हाईल. ते जुनं नाव पुसलं गेलं आणि नदीनं गावांचं नाव घेतलं. हाईल अजून एका ठिकाणी लपून बसलंय बरं का, ते म्हणजे लंडनचं इलफर्ड, हाईल पायी ओलांडायचा उथळ उतार म्हणून इलफर्ड. मला तर ही गोष्ट फार आवडते, नदी स्वतःचं नाव विसरली पण उतारानं ते जपून ठेवलं.

1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजानं करून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, व्हाईट, लेडन अशी पुढची नावं नव्हतीच, सगळीकडं नुसतं रोडिंग. आता एका खोऱ्यात इतकी रोडिंग म्हटल्यावर ओळखायचं कसं? मग लोकांनी जे डोळ्यासमोर होतं तेच पुढं लावलं. ज्या चर्चच्या छपरावर शिशाचे पत्रे ते लेडन, ज्याच्या भिंती पांढऱ्या ते व्हाईट, सेंट मार्गारेटचं चर्च ते मार्गारेट. हाय सोडलं तर बाकीच्यांना जमिनीच्या मालकांची नावं चिकटली, बर्नर्स आणि बीचम ही तर घराणीच. बीचम लिहितात ब्यूशाम्प असं फ्रेंच थाटात, पण म्हणायचं बीचम.

या बीचम रोडिंगचं चर्च गावात नाहीये, शेतांच्या मधोमध एकटंच उभं आहे. जुने लोक सांगायचे की टेकाडावर एक मोठा दगड होता, चर्च बांधायला तो खाली वस्तीत ओढून आणायचे आणि सकाळी बघावं तर तो परत वर, म्हणून शेवटी चर्चच तिथं बांधलं. खरं खोटं देव जाणे, पण दगड आहे, कब्रस्तानात आजही दिसतो.

एथॉर्पला मात्र थांबायलाच हवं. ही 18व्या शतकातली लाकडी पवनचक्की, तिचं अख्खं घर, जाती, पाती सगळं एकाच उभ्या खांबावर तोललेलं, आणि वारा जिकडून येईल तिकडं घरच्या घर फिरतं. या एसेक्स परगण्यात टिकलेल्या अशा प्रकारच्या चक्क्यांत हीच सगळ्यात मोठी.

राहिलं अ‍ॅबेस रोडिंग. ते बार्किंगच्या मठाचं, मठातल्या मुख्य जोगिणीला अ‍ॅबेस म्हणत, तिच्या मालकीचं गाव. 1539 मध्ये हा मठ मोडला, आज पाया आणि एक दरवाजाचा बुरूज, कर्फ्यू टॉवर, तेवढंच उरलंय. आणि ते बार्किंग आहे कुठं, तर हीच रोडिंग नदी खाली जिथं थेम्सला मिळते तिथं.