शिंका, हळद आणि गिनीपिगचं सूप

नमस्कार मंडळी.

पाऊस ओसरलाय, मिरज रस्त्याच्या कडेला गाजर गवत कमरेएवढं वाढून पांढरं फुललंय, आणि आमच्या गल्लीत पहाटे साडेपाचला अण्णांच्या शिंका सुरू होतात. काल मी मोजल्या. तेवीस! अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. म्हणतात, "मास्तर, जन्म हळदीच्या धुरळ्यात गेला, मला कसली ॲलर्जी?"

नाकाच्या अस्तरात मास्ट पेशी असतात. आटपाडीचं डाळिंब डोळ्यापुढं आणा, तशी दाण्यांनी गच्च भरलेली. ज्याला वावडं आहे त्याच्या नाकात गाजर गवताचा पराग गेला, की डाळिंब तडकतं, दाण्यांतलं हिस्टामिन बाहेर सांडतं. मग शिंका, डोळ्यांची चुरचुर, सूज. म्हणजे डाळिंब तडकू द्यायचं नाही. तडकायच्या आधी थोपवायचं.

हे ज्यानं करून दाखवलं त्याची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचो, अभ्यासक्रमात नसली तरी. इजिप्तकडं खेल्ला नावाची वनस्पती होते, आपल्या ओव्या-बडीशेपेच्या कुळातली, फुलोरा छत्रीसारखा. मूतखड्याच्या कळांवर लोक तिच्या बियांचा काढा घेत. त्यातल्या खेलिन नावाच्या द्रव्यानं श्वासनळ्या सैल होतात, पण मळमळही फार होते. म्हणून इंग्लंडमधल्या एका औषध कंपनीनं खेलिनसारखी, पण सोसतील अशी रसायनं बनवायला घेतली. तिथं रॉजर अल्टुनियन नावाचे डॉक्टर होते. स्वतः दमेकरी, आणि गिनीपिगचं वावडं! जग गिनीपिगांवर प्रयोग करतं, या गड्यानं गिनीपिग घेऊन स्वतःवर केले. गिनीपिगचे केस पाण्यात भिजवायचे, त्या अर्काची वाफ छातीत ओढायची. हे 'सूप' ओढलं की धाप लागायचीच. मग श्वास किती अडला ते मोजायचं. पुढच्या खेपेला आधी नवं रसायन घ्यायचं, मग सूप, मग पुन्हा मोजायचं. असं वर्षानुवर्षं, शेकडो रसायनं. १९६५ साली एक सापडलं, सोडियम क्रोमोग्लायकेट. सूप ओढलं तरी धाप लागेना! डाळिंब तडकलंच नाही. आता ही पूड फुप्फुसापर्यंत न्यायची कशी? डॉक्टर महायुद्धात विमान चालवलेले. त्यांनी नळीत इवलासा पंखा बसवला. श्वास ओढला की पंखा गरगरतो आणि पूड उडते. मात्र हे औषध आधीच घ्यायचं. धाप लागल्यावर त्याचा उपयोग नाही. डोळ्यांच्या ॲलर्जीवर त्याचे थेंब आजही मिळतात.

बोलता बोलता वेळ गेला. आता हळद, थोडक्यात. हळदीतलं करक्युमिन आणि कांद्यातलं क्वेर्सेटिन, दोन्ही प्रयोगशाळेत मास्ट पेशींना आवरतात. क्वेर्सेटिन कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांत जास्त, आणि आमच्या घरी नेमके तेच दोन-दोन सोलून टाकतात. पण शंभर ग्रॅम हळदीत करक्युमिन साधारण तीनच ग्रॅम, आणि तेही पोटातून रक्तात जेमतेम उतरतं. बंगळूरला १९९८ साली करक्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपरीन दिलं, तर रक्तात वीस पट पोचलं. म्हणून दुधात हळद घालाल तर मिरपूडही घाला. आणि हळद दळून आणा हो! सांगलीत राहून पाकिटातली हळद आणणाऱ्यांना काय म्हणावं? लग्नातल्या हळदीला डीजे लावणारेही तेच.

हळदीच्या दुधानं घशाला बरं वाटतं, जरूर प्या. पण दम्याचा पंप बंद करायचा नाही. पुन्हा सांगतो, पंप बंद करायचा नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर करक्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या.

अण्णांना ही सगळी गोष्ट मी कट्ट्यावर सांगितली. शांतपणे ऐकली, चार शिंका दिल्या, नाक पुसलं आणि म्हणाले, "मास्तर, त्या गिनीपिगला टक्कल पडलं असंल की हो!"

नमस्कार.