वेताळ सर्वांचा, बिहोल्डर कोणाचा?

ठाण्याच्या नौपाड्यातील एका घरात, जेवणाच्या टेबलावर, पत्त्यांच्या एका नव्या खेळाची चित्रे वाळत घातलेली आहेत. खेळ रचणारे दोघे मित्र नमुना घेऊन वागळे इस्टेटमधील छापखान्यात गेले, तेव्हा दर सांगण्याआधी मालकांनी एक पत्ता बाजूला काढला आणि विचारले, ‘‘हे तुमचंच आहे ना?’’ पत्त्यावर हवेत तरंगणारा एक गोळा होता. मध्यभागी एक मोठा डोळा आणि वर देठांवर डुलणारे दहा लहान डोळे.

तो त्यांचा नव्हता. तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या 1974 पासूनच्या, काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या अमेरिकी खेळातील ‘बिहोल्डर’ नावाचा जीव होता.

भारताचा कॉपीराइट कायदा 1957 चा. तो कल्पनेला नव्हे, तर ती ज्या विशिष्ट रूपात मांडली गेली त्या रूपाला संरक्षण देतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात 1978 साली स्पष्ट केले. म्हणून आग ओकणारा ड्रॅगन कोणीही रेखाटावा. परंतु दहा देठांचा तो नेमका गोळा उचलला, तर ‘आम्ही रंग बदलला’ हा बचाव फारसा टिकत नाही.

जानेवारी 2023 मध्ये या खेळाच्या मालक कंपनीने, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. श्रेय दिले की तो व्यवसायासाठीही वापरता येतो. मात्र त्यातील अक्राळविक्राळ जीवांच्या यादीत बिहोल्डर आणि याच खेळातला दुसरा एक जीव, माइंड फ्लेअर, नाहीत. ‘राक्षस’ मात्र आहे. आपल्याच पुराणांतला राक्षस परदेशी परवान्यातून, श्रेय देऊन परत घ्यायचा, ही गंमत त्या दोघांच्याही लक्षात आली.

नावाचा प्रश्न वेगळा आहे. एकट्या शब्दावर सहसा कॉपीराइट मिळत नाही. तेथे 1999 चा ट्रेडमार्क कायदा लागू होतो, ज्याखालील नोंदणी दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ टिकवता येते. गंमत अशी की, या बाबतीत स्वतः डंजन्स अँड ड्रॅगन्सचेही हात एकदा पोळले आहेत. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांच्या साहित्याच्या हक्कधारकांनी 1970 च्या दशकात आक्षेप घेतल्यावर खेळातील ‘हॉबिट’ या बुटक्या माणसांचे ‘हाफलिंग’ झाले आणि ‘एन्ट’ या चालत्याबोलत्या झाडांचे ‘ट्रीअंट’. जीव तेच राहिले. फक्त पाट्या बदलल्या.

गोळ्याच्या जागी आता खवीस आला आहे. खवीस, मुंजा, हडळ, झोटिंग यांच्यावर कोणाचीही मालकी नाही, पण त्यांच्या एखाद्या चित्रावर असू शकते, आणि येथेच छापखान्याच्या मालकांनी न विचारलेला प्रश्न उभा राहतो. ही चित्रे दोघांपैकी एकाच्या मावसबहिणीने, मोबदला न घेता, प्रेमाखातर काढलेली आहेत. त्यामुळे कायद्याने त्यांची पहिली मालक तीच ठरते. हक्क हस्तांतरित करायचे तर तिच्या सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षे मानली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत.

टेबलावरची चित्रे बाजूला सरकवून ती सध्या त्या करारातील मुदतीची रिकामी जागा वाचते आहे, आणि तिने अजून पेन उचललेले नाही.