आतली खोली

नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘बालसंरक्षण व्यवस्था : ब्रिटनमधील अपयश आणि सुधारणा’ असा छापलाय. तो मी दिलेला नाही. मी फोनवर म्हटलं होतं, मला आतल्या खोलीबद्दल बोलायचंय. त्यावर कार्यवाह म्हणाले, “ताई, असं नाव ठेवलं तर लोक भलत्याच अपेक्षेने येतील.” (हशा) म्हणून हे भारदस्त नाव आलं. अपयश मी सांगणारच आहे. सुधारणांचं काय होतं ते अध्यक्षांच्या हातातल्या घंटेवर आहे.

तुमच्यातल्या निम्म्या लोकांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत, त्यामुळे ‘सोशल सर्व्हिसेस’ म्हणजे काय ते सांगत बसत नाही. विमानातून उतरलेल्या सासूला सून गाडीतच बजावते, “आई, इथे रस्त्यात धपाटा घालायचा नाही हं.” हसताय म्हणजे तुमच्याकडेही झालंय. नातवाच्या गालावर ओरखडा दिसला तरी शाळा घरी फोन करते. एवढा दरारा असलेल्या व्यवस्थेच्या डोळ्यांदेखत आठ वर्षांची मुलगी दहा महिन्यांत मरते कशी, एवढंच मला आज विचारायचंय.

व्हिक्टोरिया क्लिंबिए. जन्म १९९१चा, पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट देशातल्या आबिजानजवळचा. आईवडिलांना बरीच मुलं. वडिलांची मावशी युरोपातून आली आणि म्हणाली, एक मुलगी माझ्याकडे द्या, तिकडे शिकवते. दिली. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. कोकणातल्या किती घरांतून पोरं मुंबईला मामाकडे, आत्याकडे शिकायला धाडली गेली! या सभागृहात हात वर करायला सांगितलं तर दहा तरी वर होतील, आणि त्यातले आठ जण सांगतील की मामीने पोटच्या मुलासारखं सांभाळलं. उरलेले दोन गप्प बसतील.

त्या बाईच्या पासपोर्टवर ॲना नावाच्या दुसऱ्याच मुलीचा फोटो होता. तिच्यासारखं दिसावं म्हणून व्हिक्टोरियाच्या डोक्यावर टोप चढवला. आधी फ्रान्स, मग १९९९च्या एप्रिलमध्ये लंडन. तिथे सगळ्या दप्तरांत ती ॲनाच. तिचं खरं नाव सरकारी कागदावर आलं ते मेल्यानंतर. २५ फेब्रुवारी २००० या दिवशी ती गेली. अंगावर १२८ जखमा आणि व्रण मोजले. शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले, मुलांच्या छळाचं याहून वाईट प्रकरण मी पाहिलेलं नाही. त्या बाईला आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या माणसाला २००१च्या जानेवारीत खुनाबद्दल जन्मठेप झाली.

आता हे बघा. ही पोर कुठल्या गुहेत लपवलेली नव्हती. चार नगरपालिकांचे समाजसेवा विभाग, तीन घरवाटप कार्यालयं, पोलिसांची दोन बालसंरक्षण पथकं, दोन इस्पितळं आणि एका नामांकित धर्मादाय संस्थेचं केंद्र, एवढ्या सगळ्यांच्या कागदांत ती होती. तिच्या मृत्यूनंतर सरकारने नेमलेल्या लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीने मोजून सांगितलं की तिला वाचवता आलं असतं असे निदान बारा प्रसंग हुकले.

त्या प्रसंगांत शिरण्याआधी मी माझ्या एका गृहभेटीची गोष्ट सांगते. अध्यक्ष घड्याळ बघतायत. पण ती सांगितल्याशिवाय मला लंडनवाल्यांवर टीका करायचा हक्क नाही.

मी परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, होते; मुलांच्या घरी जाऊन चौकशी करायची आणि अहवाल द्यायचा हे काम. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत सगळ्यांना “आमची सून परीक्षा अधिकारी आहे” असं सांगायच्या. मीही दुरुस्त करायचं सोडून दिलं, कारण परीक्षावाल्यांना मान जास्त. (हशा) तर, नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका शाळेतल्या बाईंचं पत्र आलं. वर्गातली एक मुलगी, वय नऊ, गावाहून आत्याकडे राहायला आलेली. हल्ली वर्गात काही लिहीत नाही, डबा आणत नाही, जरा बघाल का?

मी गेले. जाण्याआधी निरोप पाठवला, कारण तशी पद्धत होती. दोन खोल्यांचं घर. आत्याबाई दारातच म्हणाल्या, “या मॅडम, वेळेवर आलात, आत्ताच फोडणी टाकलीय.” मोहरी-कढीपत्त्याचा वास दरवळत होता. घर लख्ख. भिंतीवर देवाची तसबीर, तिला ताजा हार. बाजेवर धुतलेली चादर, तिच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. मुलगी बाहेर आली. तेल लावून दोन वेण्या, वर लाल रिबिनी. तिने पोह्यांची बशी माझ्यापुढे धरली. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, सगळं यथासांग.

डाव्या हाताने धरली.

आत्याबाई हसत म्हणाल्या, “अगं, पाहुण्यांना डाव्या हाताने देतात का? काय ही गावाकडची वळणं!” मुलगी तशीच उभी राहिली. उजवा हात पाठीमागे. मी मोठ्या मनाने म्हटलं, “असू द्या हो, लहान आहे,” आणि बशी घेतली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत कोण झोपतं, असं मी विचारलं. “आत नुसता पसारा आहे हो.” आता सांगा, जिचे पोहे तोंडात आहेत त्या बाईला ‘तुमचा पसारा दाखवा’ असं कोण म्हणेल? आपल्यावर तसे संस्कारच नाहीत. मी अहवालात लिहिलं : घर स्वच्छ. बालिका नीटनेटकी, घरकामात मदत करते. आत्याचे वागणे प्रेमळ. प्रकरण दप्तरी दाखल करण्यास हरकत नाही.

तीन आठवड्यांनी त्याच शिक्षिका मुलीला रिक्षात घालून थेट आमच्या कार्यालयात घेऊन आल्या. उजवं मनगट मोडलेलं होतं, आणि उपचाराविना वाकडंच जुळत आलं होतं. डॉक्टर म्हणाले, महिना तरी झाला असेल. म्हणजे मी पोहे खाल्ले त्या दिवशी ते मोडलेलंच होतं. मग पोलिसांबरोबर आतली खोली पाहिली. पसारा बिसारा काही नव्हता. मोरीच्या कडेला घडी घातलेलं एक गोणपाट होतं. मुलगी वाचली. त्यात माझा वाटा शून्य.

तेव्हापासून माझा एक सिद्धांत आहे. मैत्रिणी त्याला ‘पोहे-सिद्धांत’ म्हणून चिडवतात. पाहुणा म्हणून आत गेलेल्या माणसाला, घरवाले दाखवतील तेवढंच घर दिसतं.

आता टॉटनहॅमला चला, म्हणजे लंडनच्या हॅरिंगे पालिकेच्या हद्दीत, जिथे त्या बाईचं घर होतं. १९९९च्या जुलैत व्हिक्टोरियाला दिवसा सांभाळणाऱ्या पाळणाघरवालीच्या मुलीने तिला पहिल्या इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरला अंगावरचे व्रण बघून मारहाणीचा संशय आला. मग वरिष्ठ आल्या आणि म्हणाल्या, खरूज आहे, खाजवून झालेले ओरखडे आहेत. झालं! खरूज हा शब्द एकदा कागदावर आला आणि मारहाण पुसली गेली. पोलिसांनी तिला संरक्षणात घेतलं होतं, तेही दुसऱ्या दिवशी उठवलं. तिच्याशी तिच्या भाषेत, म्हणजे फ्रेंचमध्ये, एकटीला बसवून कोणी बोललं नाही. दहा-बारा दिवसांनी ती भाजलेलं डोकं आणि चेहरा घेऊन दुसऱ्या इस्पितळात आली. तिथल्या परिचारिकांना तिच्या अंगावर पट्ट्याच्या बक्कलसारखे व्रण दिसले. ती वडिलांची मावशी भेटायला आली की ही पोर ताठ उभी राहायची, हेही त्यांनी पाहिलं. आई-लेकीचं नातं नाही, मालक-नोकराचं आहे, असं वाटण्याइतपत पाहिलं. एरवी वॉर्डात ती इतकी हसतमुख की तिला सगळे उन्हाची तिरीप म्हणायचे. आणि तिथूनही ती परत त्याच बाईच्या हाती गेली.

यानंतर तिच्या घरी जायचं होतं एक महिला पोलीस आणि पालिकेची समाजसेविका या दोघींनी. ते लांबलं, कारण खरूज लागेल ही भीती! पोलीस खात्यातल्या व्यक्तीला खरजेची भीती वाटते आणि ती चौकशी आयोगापुढे तसं सांगते, हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

समाजसेविका अखेर घरी दोनदा गेली. आधी कळवून. घर स्वच्छ, व्हिक्टोरिया नीट कपडे घालून जमिनीवर बाहुलीशी खेळतेय. माझी लाल रिबीन आणि त्यांची बाहुली, एकच. ऑक्टोबरमधल्या भेटीत समाजसेविकेने त्या बाईला सांगितलं की, मुलीला गंभीर धोका असल्याशिवाय पालिका तुम्हाला दुसरं घर देऊ शकत नाही. बाई हुशार. चार दिवसांत येऊन तिने आपल्याच साथीदारावर मुलीवरच्या अत्याचाराचा आरोप केला आणि घर मिळत नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तो मागे घेतला. त्याची धड चौकशी झाली नाही. प्रकरण हाती असताना या समाजसेविकेने व्हिक्टोरियाला एकूण चार वेळा पाहिलं. लॅमिंग सांगतात, सगळा वेळ मिळून अर्धा तास भरत नाही.

आणि त्या घरातली आतली खोली म्हणजे न्हाणीघर. हिवाळ्यात तिथे ऊब नव्हती. हातपाय बांधून, कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घालून तिला टबात झोपवत. मला याहून जास्त सांगवत नाही. जानेवारीत समाजसेविका दार वाजवून आली, कुणी उघडलं नाही. तिने समज करून घेतला की हे लोक फ्रान्सला परतले असावेत. ज्या दिवशी व्हिक्टोरिया मेली, बरोब्बर त्याच दिवशी तिची फाईल बंद झाली. दप्तरी दाखल.

ही समाजसेविका राक्षसीण होती असं मी म्हणणार नाही. ती नवखी होती, कामाच्या ओझ्याखाली दबलेली होती आणि तिचे वरिष्ठ तिची फाईल वाचतच नव्हते. लॅमिंग यांनी सर्वांत मोठा दोष वरच्या साहेबांचा म्हटलाय. नोकरी मात्र खालच्यांची गेली. हे ऐकून इथले निवृत्त कर्मचारी माना डोलावतायत. (हशा)

वरिष्ठांवरून आठवलं. आमच्या गृहभेट अहवालाच्या नमुन्यात छप्पर पत्र्याचं की स्लॅबचं, पंखे किती, रेडिओ आहे का, असे रकाने होते. ‘मूल काय म्हणाले’ हा रकाना नव्हता. मी एका वरिष्ठ कार्यालयाला लिहिलं की असा एक रकाना वाढवावा. चौदा महिन्यांनी उत्तर आलं : आपली सूचना विहित नमुन्यात नसल्याने विचारात घेता येत नाही. (मोठा हशा) ते पत्र मी अजून जपून ठेवलंय, कुणाला बघायचं असेल तर…

वाजली. वाजली घंटा. किती? पाच मिनिटं? बरं. सुधारणा.

पळत सांगते. लॅमिंग अहवाल २००३च्या जानेवारीत आला, १०८ शिफारशी. कायदा ठीक आहे, अंमलबजावणी नाही, हा त्याचा गाभा. समोरच्याचा मान ठेवूनही मनात शंका जागी ठेवा, असं त्यांनी समाजसेवकांना सांगितलं. मी त्याला पोहे न खाणं म्हणते. २००४ला नवा बालक कायदा झाला, खाती एकत्र आली, देशातल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेली संगणकयादी ठरली. ती २००९ला सुरू आणि २०१०ला बंद, खर्च २२ कोटी पौंडांच्या वर. मधल्या काळात, २००७च्या ऑगस्टमध्ये, त्याच हॅरिंगे पालिकेत पीटर नावाचं सतरा महिन्यांचं बाळ गेलं. आठ महिन्यांत वेगवेगळ्या खात्यांच्या लोकांनी त्याला साठ वेळा पाहिलं होतं. शेवटच्या आठवड्यात समाजसेविका आली, तेव्हा चेहऱ्यावरचे वळ दिसू नयेत म्हणून चॉकलेट फासलं होतं. तिने तोंड पुसायला सांगितलं, पण पुसून होईपर्यंत थांबली नाही. साठ भेटी आणि एक ओला रुमाल! मंत्र्यांनी टीव्हीवरून तिथल्या संचालिकेला हटवलं. पुढे अपिलात न्यायालय म्हणालं, हटवण्याची पद्धत अन्यायाची होती.

मग २०११ला प्राध्यापिका आयलीन मन्रो यांचा अहवाल आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रत्येक मृत्यूनंतर आपण नियम वाढवले, आणि माणसं मुलासमोरून उठून संगणकासमोर जाऊन बसली. मला हे सगळ्यांत पटतं. यावर खरं तर अर्धा तास हवा होता. शाळेचं सांगायचं होतं. २०२३ला लंडनजवळच्या वोकिंगची सारा शरीफ, वय दहा. शाळेने मार्चमध्ये जखम बघून कळवलं, प्रकरण सहा दिवसांत बंद झालं, एप्रिलमध्ये बापाने शाळेतून काढून ‘घरीच शिकवतो’ म्हणून सांगितलं. ऑगस्टमध्ये ती गेली. माझ्या त्या मुलीला शिक्षिका होत्या. साराच्या शिक्षिकेच्या हातातून मूलच काढून घेतलं. त्यानंतर, २०२४ला, तिकडे घरच्या शिक्षणावर लक्ष ठेवायच्या कायद्याचं विधेयक मांडलं गेलं.

आपल्याकडचं दोन वाक्यांत. २०१५च्या बाल न्याय अधिनियमाने प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती आहे, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, महिन्यात निदान वीस दिवस बसायचं बंधन. १०९८ हा नंबर आहे, १९९६ साली मुंबईतच सुरू झालेला. शेजारच्या घरातून काही ऐकू आलं तर तो लावा, नाव सांगायची गरज नाही. आणि तुमच्यापैकी कुणी अशा समितीवर असेल, तर भेटीला जाण्याआधी निरोप पाठवू नका, मुलाला घराबाहेर कट्ट्यावर बसवून बोला, आणि दार लोटलेलं असेल तर…

हो, थांबते. अध्यक्ष म्हणतायत, प्रश्नोत्तरं अल्पोपहारानंतर घेऊ. काय आहे अल्पोपहाराला?

पोहे? (हशा, टाळ्या) तुम्ही घ्या बाई. मला नुसता चहा द्या.